वत्सलाकाकूंचं वळण

"तो कागद राहू दे. तू नुसतं म्हण, मी लिहिते," वत्सलाकाकू म्हणाल्या आणि मी पुढे सरकवलेला छापील तक्ता त्यांनी न बघताच बाजूला केला.

त्या तक्त्यावर मी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं ओळीनं छापून आणली होती. प्रत्येक अक्षराखाली एक रिकामा चौकोन. वरचं अक्षर बघायचं आणि खाली आपल्या हातानं तेच लिहायचं, एवढंच काकूंचं काम. हाताच्या अक्षराचा फॉन्ट करायचा तर एकही अक्षर सुटून चालत नाही. एखादा 'ढ' राहिला की नेमका ढोबळी मिरचीपाशी घोटाळा होतो.

"काकू, तक्ता बघून लिहिलंत तर पटापट होईल."

"मला घाई नाही. तुला आहे का?"

मलाही नव्हती. कोल्हापूरहून सकाळच्या गाडीनं मी सांगलीला आले होते, त्यांच्याकडेच राहणार होते. मी म्हटलं, "अ."

काकूंनी तिरक्या टोकाचा मार्कर उचलला आणि लिहिला 'अ'. मग 'आ'. मग 'इ'. मी म्हणत गेले, त्या लिहीत गेल्या. थोड्या वेळानं माझा आवाज आपोआप हळू झाला, कारण मी बघण्यात गुंतले होते. मी कलाशाळेत शिकलेली. वळणदार अक्षरं काढणारे हात मी पुष्कळ पाहिले होते. ते हात अक्षर 'काढतात'. काकूंचा हात तसं काही करत नव्हता. तो नुसता चालत होता, जसा रोजच्या पायवाटेनं माणूस चालतो. 'क'चं पोट भरून यायचं आणि त्याची शेपटी किंचित वर उचललेली राहायची. 'ळ'ची दोन वेटोळी एकमेकींना खेटून बसायची. शब्द लिहिला की शेवटी डोक्यावरची रेघ त्या एका झटक्यात ओढायच्या, आणि इतका वेळ सुटी सुटी उभी असलेली अक्षरं एकदम एका घरातली वाटायला लागायची.

एक गोष्ट मात्र मला गमतीची वाटत होती. प्रत्येक अक्षर झालं की काकू माझ्या तोंडाकडे बघायच्या. "बरोबर आलंय ना?"

"बरोबर काय काकू, सुंदर आलंय."

"तसं नाही. बरोबर आलंय ना?"

मला वाटलं, विनय असेल.

त्यांची सून मंजिरी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिनंच मला बोलावून घेतलं होतं. तांबवेकरांची भाजणी, मेतकूट आणि चटण्या सांगलीत घरोघरी जायच्या, आणि त्यांची खूण होती काकूंचं अक्षर. पाकिटावर छापील असं काही नसायचंच. पांढरी पट्टी, तिच्यावर काळ्या शाईत काकूंनी स्वतः लिहिलेलं 'मेतकूट' किंवा 'कारळ्याची चटणी'. लोक दुकानात शिरले की नाव वाचायचेही नाहीत. ते अक्षर दिसलं की पाकीट उचलायचे.

मग आदल्या दिवाळीच्या सुमारास काकूंना घरात चक्कर आली. मिरजेच्या एका दवाखान्यात काही दिवस काढावे लागले. हात-पाय धड, बोलणं धड, सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण घरी आल्यावर काकूंनी पट्ट्या लिहिणं सोडलं. "हात दुखतो," म्हणाल्या. श्रीरंगनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, चांगल्या कागदावर रंगीत लेबलं छापून आणली. सुबक होती ती, पण तशी लेबलं बाजारात चार जणांची होती. पाकिटं दुकानात पडून राहायला लागली. त्यातच महाशिवरात्रीला भलतंच झालं. उपासाच्या भाजणीच्या पाकिटांवर थालीपिठाच्या भाजणीची लेबलं आणि थालीपिठाच्या पाकिटांवर उपासाची. कितीतरी घरांत धने-जिरे आणि डाळी घातलेली थालीपिठं लोकांनी उपासाला खाल्ली. जन्मभर निर्जळी शिवरात्र करणाऱ्या आणि त्या वर्षी पहिल्यांदाच तब्येतीमुळे फराळ घेतलेल्या एक आजी घरी येऊन रडून गेल्या. मंजिरीनं सगळ्यांसमोर हात जोडले, चूक माझी म्हणाली.

त्यानंतर श्रीरंगनं ठरवलं की आता पुरे. आईनं आराम करावा. इचलकरंजीचे एक कारखानदार नाव आणि कृती दोन्ही घ्यायला तयार होते. रविवारी ते बोलणी पक्की करायला यायचे होते. मंजिरीला ते सहन होत नव्हतं. आईंचा हात दुखत असेल तर त्यांच्या अक्षराचा फॉन्ट करू, लेबलं पुन्हा त्याच अक्षरात येतील, लोकही येतील, असं तिचं म्हणणं. श्रीरंग म्हणाला होता, "करून बघ. रविवारपर्यंत."

दुपारी जेवणं झाल्यावर मंजिरी मागच्या पडवीत डाळी भाजायला गेली. मी सकाळची अक्षरं स्कॅन करून लॅपटॉपवर जुळवत बसले. पडद्यावर काकूंची अक्षरं एकेक करून उमटायला लागली तेव्हा मला लहान मुलीसारखा आनंद झाला. वाटलं, काकूंनाही थोडं हसवावं. मी त्यांच्याच अक्षरात मोठ्ठं 'वत्सला' असं जुळवलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"बघा काकू!"

काकूंनी चष्मा लावला. नीट वाकून पाहिलं.

"वा! अगदी पूर्वीसारखं दिसतंय गं."

"काय लिहिलंय सांगा बरं?"

"काय म्हणजे? मेतकूट. तूच म्हणालीस ना सकाळी, आधी मेतकूट करते म्हणून."

मी पडद्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी माझा चेहरा वाचला. त्या दिवसांत त्यांना तेवढंच वाचता येत होतं, हे मला पुढच्या काही मिनिटांत कळलं.

"मेतकूट नाहीये का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"नाही."

"काय आहे?"

"तुमचं नाव आहे, काकू."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "दार लोटून घे."

मी दार लोटलं.

"दवाखान्यात शुद्धीवर आले ना, तर समोर भिंतीवर पाटी होती. मला वाटलं कानडी आहे. मिरजेत कर्नाटकातले पेशंट किती येतात, कानडी पाट्या असतातच. मग औषधाची चिठ्ठी बघितली, तीपण कानडी. मग नर्सबाईच्या छातीवरचं नाव. मग कॅलेंडर. मग कळलं की कानडी नाहीये, माझंच काहीतरी गेलंय. डोळ्यांना सगळं दिसतं गं. तुझ्या कानातल्या कुड्यासुद्धा दिसतात. पण अक्षर म्हणजे नुसत्या मुंग्या."

"पण काकू, तुम्ही सकाळपासून लिहिताय!"

"तेच तर! घरी आल्यावर पट्टी लिहायला घेतली. हात आपला लिहून गेला. आणि लिहिलेलं बघितलं तर मला काहीच लागेना. वाटलं, मी वेडंवाकडं काहीतरी खरडलंय. फाडून चुलीत घातलं. दुसरी लिहिली, तेच. जी बाई लिहिते आणि तिला तिचंच लिहिलेलं वाचता येत नाही, तिला काय म्हणायचं? कुणाला सांगणार होते मी? आज तू सुंदर सुंदर म्हणत होतीस, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी खरंच अक्षरंच लिहिते."

मग महाशिवरात्रीचं सांगितलं. मंजिरी त्या दिवशी माहेरी गेली होती, लेबलं काकूंनीच चिकटवली होती. दोन्ही गठ्ठ्यांचा रंग एकच. "आणि ती पोर माझ्यासाठी लोकांपुढे हात जोडून उभी राहिली. मी आत बसून ऐकत होते."

मी त्यांच्याजवळ सरकून बसले. त्यांच्या पुढ्यात सकाळचे कागद पसरले होते. अक्षरं संपल्यावर मी त्यांच्याकडून काही पूर्ण शब्दही लिहून घेतले होते, एका कागदावर एक, चांगले तळहाताएवढे मोठे. बोलता बोलता काकूंचं बोट वरच्या कागदावर फिरत होतं. विचारात असताना माणूस सतरंजीच्या नक्षीवरून फिरवतो, तसं. लक्ष नव्हतंच त्यांचं.

आणि बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या.

"भ," त्या म्हणाल्या.

"काय, काकू?"

"हा भ आहे." त्यांचं बोट अक्षराच्या शेवटाशी थांबलं होतं. "भ आहे का गं?"

होता. मी मान हलवली, मग त्यांनी पाहिलं की नाही अशी शंका येऊन मोठ्यानं "हो" म्हटलं.

बोट पुढे सरकलं. कान्यावरून खाली उतरलं. पुढच्या अक्षराच्या गाठीपाशी घोटाळलं, वळलं. "भा. ज." बोट वेलांटीवरून वर चढून खाली आलं. "णी. भाजणी!"

मागच्या पडवीतून डाळीच्या कढईतल्या उलथन्याचा आवाज येत होता, तेवढाच.

मला वाटलं योगायोग असेल, किंवा सकाळचा क्रम लक्षात असेल. मी सगळे कागद गोळा केले, उलटसुलट पिसले आणि मधला एक त्यांच्यापुढे ठेवला. काकूंनी पहिल्या रेघेवर नजर धरली. बोट कागदावर टेकवलं. त्यांचे ओठ हलत नव्हते, कपाळावर आठी नव्हती. सकाळी लिहिताना हात जसा चालत होता तसाच तो आता परत त्याच वाटेनं चालला होता, आणि त्या वाटेवर काय आहे ते काकूंना सांगत होता.

"कारळं," काकू म्हणाल्या.

दुसरा कागद. "जवस."

तिसरा. "मेतकूट. हे मात्र खरंच मेतकूट आहे ना?"

मी हसले आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला अक्षरं म्हणजे डोळ्यांची गोष्ट वाटत आली होती. आकार, जाडी, मधली जागा, हेच शिकले होते मी. आणि इथे माझ्यासमोर एक बाई, जिच्या डोळ्यांतून सगळी अक्षरं पुसली गेली होती, ती हातातून परत आणत होती. हाताला सगळं ठाऊक होतं. त्याला इतके महिने कुणी विचारलंच नव्हतं.

मी धावत जाऊन कपाटातलं छापील लेबल आणलं. काकूंनी त्यावरही बोट फिरवलं. पुन्हा पुन्हा फिरवलं. मग मान हलवली.

"यात रस्ताच सापडत नाही. कुठून सुरू करायचं, कुठं वळायचं, काही कळत नाही. यावरनं कुणाचा हातच गेलेला नाही गं."

मंजिरीला त्यांनी स्वतः हाक मारली. ती हात पुसत आली, आम्हा दोघींचे चेहरे बघून घाबरली. काकूंनी तिला जवळ बसवून घेतलं.

"महाशिवरात्रीची चूक तुझी नव्हती. माझी होती."

"ठाऊक आहे मला, आई."

"ठाऊक आहे? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

काकूंनी तिचा कढईपाशी तापलेला हात आपल्या हातात घेतला आणि मग सगळं सांगितलं, पाटीपासून मुंग्यांपर्यंत.

श्रीरंग संध्याकाळी बँकेतून आला. त्याला हे पटेना. "आई, तुला ते शब्द पाठ असतील. तू किती वर्षं तेच लिहितेस." त्याचं चुकत नव्हतं. तेव्हा मंजिरी म्हणाली, "मग तुम्हीच घ्या ना परीक्षा." तो आत गेला आणि एक जुनी पत्र्याची डबी रुमालात गुंडाळून घेऊन आला. तिच्या झाकणावर काकूंच्या अक्षरातली पट्टी होती, शाई फिकटलेली. त्यानं ती काकूंच्या हातात न देता, फक्त पट्टी उघडी ठेवून टेबलावर ठेवली, आणि बाजूला बसला.

काकूंचं बोट पट्टीवरून गेलं. एकदा. मग परत एकदा, सावकाश.

"श्रीरंगची औषधं," त्या म्हणाल्या. "तुला बाळदमा होता तेव्हाची डबी ही. अजून आहे होय घरात?"

श्रीरंग उठून खिडकीपाशी गेला. मग त्यानं फोन काढला आणि इचलकरंजीच्या गृहस्थांना कळवलं की रविवारी येऊ नका.

पुढे मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी काकूंना स्वतःचं नाव लिहायला सांगितलं, मग कागद उलटा करून, पुन्हा सुलटा करून ते वाचायला सांगितलं. त्यांनी समजावलं की डोळे ठीक आहेत, भाषाही ठीक आहे, पण डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर भाषेपर्यंत पोचवणारी डोक्यातली वाट त्या आजारात बंद झाली. लिहिण्याची वाट वेगळी, ती शाबूत राहिली. असं क्वचित होतं, पण होतं, ते म्हणाले. बोटाचं ऐकून मात्र ते आपली खुर्ची ओढून काकूंच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मला दाखवा."

मी कोल्हापूरला परत येऊन फॉन्टचं काम नव्यानं सुरू केलं. पहिल्यांदा मी सवयीनं अक्षरांच्या कडा घासूनपुसून गुळगुळीत केल्या होत्या. त्या सगळ्या टाकून दिल्या. मार्कर जिथे टेकला तिथला ठिपका ठेवला, जिथून उचलला तिथलं टोक ठेवलं, वळताना रेघ जिथे दबून जाड झाली ती तशीच राहू दिली. पण नुसतं तेवढ्यानं भागणार नव्हतं. पाकिटावरच्या बारीक, सपाट अक्षरांवरून बोट सारखं घसरायचं. लग्नपत्रिकांवर गणपती आणि नावं उठावाची छापतात, तशी छपाई करणारे एक जण सांगलीतच निघाले. मी त्यांना म्हटलं, पाकिटाच्या पट्टीवर असं छापाल का? ते म्हणाले, "मेतकुटाला उठावाची अक्षरं? लग्न आहे का मेतकुटाचं?" पण त्यांनी छापली.

पहिली पाकिटं आली त्या दिवशी मी सांगलीत होते. काकूंनी एक पाकीट मांडीवर घेतलं. बोट फिरवलं. मग दुसरं घेतलं, मग तिसरं. त्या नुसतं वाचत नव्हत्या, काहीतरी तपासत होत्या.

"हेमांगी, या सगळ्यांवरचा क एकच आहे."

"हो काकू. फॉन्टमध्ये तसंच असतं. एकदा लिहिलेला क सगळीकडे जातो."

"म्हणजे माझाच हात, पण न दमणारा," त्या म्हणाल्या. आणि कितीतरी वेळ ते पाकीट हातात धरून बसल्या.

पाकिटं पुन्हा जायला लागली. लेबलं काकूच चिकटवायच्या, आणि कधी एकही चुकलं नाही. मी एकदा दुकानात मुद्दाम उभी राहून पाहिलं होतं. एका बाईंनी पाकीट उचललं आणि दुकानदाराशी दुसरंच काही बोलत असताना त्यांचं बोट आपोआप त्या उठावाच्या अक्षरावरून फिरत राहिलं. त्यांना ठाऊक नव्हतं की त्या काय करताहेत. मी आज इतकी वर्षं अक्षरांचंच काम करते, मोठमोठ्या दुकानांसाठी केलंय, पण त्या बाईंचं बोट फिरताना बघून मला जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशीचं, पाकिटं आली त्या दुपारचं. मंजिरी स्वयंपाकघरात होती. मी आणि काकू पाकिटं खोक्यात रचत होतो. मंजिरी बाहेर आली, तिच्या हातात पाठकोऱ्या कागदाचा एक तुकडा होता. मार्करनं त्यावर तिनं काहीतरी लिहिलं होतं. तो तिनं काकूंच्या पुढ्यात ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

काकूंनी बोट टेकवलं आणि लगेच उचललं.

"हे माझं अक्षर नाही."

"नाही. माझं आहे."

"तुझं वळण मला कुठं येतंय, मंजिरी?"

"येईल की."

मंजिरीचं अक्षर काही फार चांगलं नव्हतं. 'आ' ती भलतीकडूनच सुरू करायची. काकूंचं बोट आधी चुकीच्या टोकाला गेलं, अडकलं, मागे आलं. पुन्हा निघालं. एखाद्या अनोळखी गावात माणूस विचारत विचारत घर शोधतो, तसं ते बोट चाललं होतं. मध्येच ते थांबलं आणि काकूंनी मान वर करून मंजिरीकडे पाहिलं.

"आई," त्या म्हणाल्या.

मंजिरीनं मान हलवली.

"थांब, पुढचं सांगू नकोस." बोट पुन्हा खाली गेलं. "जे... वा... हा काय, य? य. ला." मग थोडं थांबून, हसत, "च-ला. आई, जेवायला चला."

"पानं वाढलीयेत," मंजिरी कशीबशी म्हणाली.

"आले गं," काकू म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. बोट परत पहिल्या अक्षरावर नेऊन त्यांनी ते तीन शब्द पुन्हा एकदा वाचले.